कपातला मासा

हेमाताई वैतींकडे कुणी प्रश्न घेऊन गेलं की त्या आधी त्याच्या हातात पत्त्यांचा कॅट द्यायच्या आणि म्हणायच्या, "पिसत राहा आणि प्रश्न बोलत राहा. मोठ्यानं. मी थांब म्हणेपर्यंत."

नव्या माणसाला वाटायचं, हा काहीतरी मंत्रबिंत्राचा प्रकार असणार. तसलं काही नव्हतं. पत्ते पिसत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा बोलत राहिलं की थोड्या वेळानं बोलणाऱ्याचा त्यालाच कंटाळा येतो. मग तो एखादा शब्द बदलतो. मग आणखी एखादा. "नोकरी सोडू का?" अशी सुरुवात केलेला माणूस बघता बघता "त्या नव्या साहेबाचं तोंड अजून किती वर्षं बघायचं?" इथं येऊन पोचतो. तिथं हेमाताई हात पुढे करायच्या, कॅट काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हां. हा तुझा. मघाचा शेजाऱ्यांना सांगायचा होता." पुष्कळांचे पत्ते कधी मांडलेच गेले नाहीत. ती माणसं खालच्या टपरीवर चहा पिऊन आपापल्या घरी गेली आणि जे करायचं होतं ते त्यांनी केलं.

मी गेलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी साकीनाक्याला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात विक्रीचं काम बघत होतो. मालकांनी कारखाना वापीला हलवायचं ठरवलं आणि मला विचारलं, "जोगळेकर, येताय का?" आता, मी हॉटेलात शेजारच्या टेबलावर काय मागवलंय ते बघून ऑर्डर देणारा माणूस. मला असं विचारणं म्हणजे क्रूरपणाच. माझी बायको माधवी हिला यातलं मी काही सांगितलं नाही. तिला सोडून मी सगळ्यांना विचारलं: कँटीनवाल्याला, दाढी करणाऱ्याला, एका दातांच्या डॉक्टरला तर तोंड उघडं असताना. शेवटी ऑफिसातल्या एकानं सांगितलं, "बोरिवलीला एक बाई आहेत. पत्ते बघतात. झकास सांगतात."

पत्तेवाल्या बाईंकडे जायचं म्हणून मी आंघोळ करून, नारळ, झेंडूची फुलं आणि अगरबत्तीचा पुडा घेऊन गेलो. दार उघडलं ते सत्तरीच्या पुढच्या, आखूड केस कापलेल्या, मॅक्सीवर शर्ट घातलेल्या एका उंच बाईंनी. त्यांनी माझ्या हातातल्या सामानाकडे पाहिलं.

"पूजा कुणाकडे आहे?"

"नाही, ते... पत्ते..."

"अच्छा. नारळ दे. संध्याकाळच्या कालवणाला झाला. फुलं गणपतीला दे, खाली देऊळ आहे. आत ये."

आत एक घडीचं टेबल, त्यावर मेणकापड, बाजूला जुना फ्रिज आणि घरभर सुक्या बोंबलाचा वास. मी सात पिढ्यांचा शाकाहारी. मी तोंडानं श्वास घेऊ लागलो. हेमाताईंच्या ते लगेच लक्षात आलं. "नाक बंद करून प्रश्न विचारलास तर उत्तर सर्दीचं येईल," त्या म्हणाल्या. मी नाक उघडलं. पुढच्या काही शनिवारांत त्या वासाची मला इतकी सवय झाली, की दुसऱ्या कुठल्या घरी गेलो तर ते घर रिकामं वाटायचं.

मी प्रश्न सांगितला तेव्हा त्यांनी हात झटकले. "मी पत्ते मांडणं बंद केलंय. आता फक्त शिकवते. शिकायचं असेल तर शनिवारी दुपारी ये."

"बंद का केलंत?"

"कारण मलाच एक प्रश्न आहे. माझ्या हृदयाची झडप बिघडलीय. डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन करा. माझ्या वयात त्यात जीव जाऊ शकतो. नाही केलं तर हळूहळू धाप लागून तसाही जाणारच. मी म्हटलं, मग काय करू? म्हणतो, निर्णय तुमचा. फी त्याची, निर्णय माझा! आणि आपले पत्ते आपण मांडायचे नसतात. आपली मान आपल्याला दिसते का? तर मला एक जण तयार करायचाय, माझे पत्ते मांडणारा. तोवर बाकीच्यांना दुकान बंद."

एखादी बाई कामाला माणूस पाहिजे म्हणून सांगेल इतक्या सहज त्यांनी हे सांगितलं. मी तेव्हा मनात म्हटलं, शिकून घ्यावं. बाईंचं काम दुसरं कुणीतरी करेल, आपण आपल्या वापीचं बघून घेऊ.

हेमाताई मूळच्या मढ कोळीवाड्यातल्या. वडलांची बोट, आईचा मासळीचा धंदा. ही मुलगी मॅट्रिक झाली आणि टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून लागली. लग्न केलं नाही. "विचारायला आलेले, पण माझा नंबर एंगेज होता," एवढंच सांगायच्या. पत्ते त्यांना खात्यातल्याच एका जुन्या पारशी सुपरवायझर बाईंनी शिकवले, रात्रपाळीत वेळ जावा म्हणून. प्रश्न बोलत राहायची युक्ती मात्र त्यांची स्वतःची. ती त्यांना हेडफोननं शिकवली.

"लोक एवढे पैसे भरून ट्रंक कॉल लावायचे," त्या सांगायच्या, "आणि विचारायचे काय, तर तिकडं पाऊस आहे का? गाय व्यायली का? मी मधे बोलायचे, वेळ संपत आली. की मग एकदम, 'दादा, बाबा गेले रे.' माणूस खरं शेवटी बोलतो. त्याला आधी पाऊस आणि गाय बोलून संपवू द्यायची."

वर्गात आम्ही तिघं. घाटकोपरची कीर्तिदा शाह, साड्यांचं दुकान सांभाळून येणारी. तिला पत्त्यांवरची पुस्तकंच्या पुस्तकं पाठ. विक्रोळीची सुजाता गायकवाड विमा कंपनीत होती. तिच्या घरी बुद्धवंदना व्हायची आणि तिच्या आईला हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं स्पष्ट सांगितलं, "ताई, आई म्हणते ही अंधश्रद्धा आहे."

"आई बरोबर म्हणते," हेमाताई म्हणाल्या. "तू बस तरी."

"मी भविष्य बघायला नाही आले. ऑफिसात लोक माझ्यासमोर बसून रडतात, त्यांच्याशी काय बोलायचं ते मला कळत नाही."

"मग तू बरोबर घरात आलीस. हा जोगळेकर चुकीच्या घरात आलाय."

भविष्य बघायच्या, परदेशी चित्रांच्या त्या पत्त्यांना हेमाताईंनी आपली नावं ठेवली होती. वीज पडून कोसळणारा तो मनोरा. कड्याच्या टोकावर आभाळाकडं बघत चालणारा तो येडा; हा पत्ता आला की सगळे माझ्याकडं बघायचे. एका पत्त्यावर होडी आहे, होडीत मान खाली घालून बसलेली एक बाई, एक मूल, आणि होडीच्या तळात उभ्या रोवलेल्या तलवारी. त्या पत्त्यावर ताईंचा फार राग. "हा कसला नाखवा? तळाला भोकं पाडून तलवारी रोवल्यात! माझ्या बापानं याला बोटीवर चढू दिलं नसतं." मग थोडं थांबून म्हणायच्या, "पण आता उपटूही नकोस म्हणावं. उपटलंस की पाणी आत."

आणि त्यांच्या सगळ्यांत आवडीचा पत्ता म्हणजे मासेवाला. नदीकाठी की समुद्रकाठी उभा असलेला एक नटवा पोरगा, हातात पेला, आणि पेल्यातून डोकं बाहेर काढून त्याच्याकडं बघणारा मासा. पत्ता निघाला की ताई वर्ग थांबवायच्या.

"जोगळेकर, सांग, कुठला मासा?"

"पापलेट?"

"पापलेट असं उभं राहतं का कपात? पापलेट काय भाड्यानं राहायला आलंय? कीर्तिदा, हसू नको, तुलाही येत नाही."

त्यांचा शिकवण्याचा नियम एकच होता: पत्ता पडला की आधी दिसतं ते बोलायचं. अर्थ नंतर. "घोडा दिसतो तर घोडा बोल. घोड्यावरून लग्नाची वरात काढू नको." कीर्तिदा हे सुरेख करायची, कारण दिसतं ते बोलता बोलता ती त्यात गोड साखरही घालायची. सुजाता दिसतं ते बोलून समोरच्याचा हात धरायची. माझं असं व्हायचं की दिसायच्या आधीच मी बोलून मोकळा.

त्याचं उदाहरण म्हणजे मयेकर प्रकरण. मयेकर आमच्या मालाडच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बिल्डिंग जुनी, पुनर्विकासाची बोलणी चाललेली, लोकांत दोन तट. मी पत्ते शिकतोय हे माधवीनं पाण्याच्या टाकीपाशी कुणालातरी सांगितलं आणि एका रविवारी मयेकरांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. "जोगळेकर, जरा बघा ना, बिल्डरला सही द्यायची का? पटकन, मला भाजी आणायचीय."

पटकन म्हटल्यावर मी पिसत राहा, बोलत राहा हे सगळं गाळलं. एका स्कूटरच्या सीटवर एक पत्ता काढला. मनोरा. वर वीज, कळस उडालेला, दोन माणसं खाली डोकं वर पाय. मी बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे बापरे, बी विंग."

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता, की जोगळेकरांच्या पत्त्यांत बी विंग पडलेली आहे. चौथ्या मजल्यावरच्या पाटीलकाकू मुलुंडला लेकीकडे गेल्या, जाताना गॅसचा सिलिंडरही घेऊन गेल्या. एका भाडेकरूनं खोली सोडतो म्हणून सांगितलं. पुनर्विकासाच्या बाजूचे मला हात जोडू लागले, विरोधातले विचारू लागले की बिल्डरनं किती दिले. शेवटी खास सभा भरली आणि मी पत्ता मागे घ्यावा असा ठराव आला. मी उभा राहून वाचून दाखवलं, "सदर पत्ता माझ्या अपुऱ्या ज्ञानामुळे पडला असून त्याचा बी विंगशी संबंध नाही." मागून कुणीतरी ओरडलं, "मग ए विंगशी आहे का?" आणि सभा तहकूब झाली.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा हेमाताई इतक्या हसल्या की त्यांना टेबलाची कड धरावी लागली. मग आमच्या लक्षात आलं की हसणं थांबलंय आणि धाप थांबलेली नाही. ओठ काळसर दिसायला लागले. सुजातानं उठून खिडकी उघडली, पाठ चोळली. बऱ्याच वेळानं ताईंचा श्वास जागेवर आला.

"हसायलाही भाडं पडतं आता," त्या म्हणाल्या.

"ताई, डॉक्टरांना काय सांगितलंत?" सुजातानं विचारलं.

"सांगते म्हटलंय."

"केव्हापासून म्हणताय सांगते?"

"मना नको शिकवू गं." ताई चिडल्या की कोळीवाडा बाहेर यायचा. मग शांत होऊन माझ्याकडं वळल्या. "पत्त्यावर बी विंग लिहिली होती का?"

"नाही."

"मालाडच्या पस्तीस वर्षांच्या बिल्डिंगचं प्लास्टर पडणार हे सांगायला पत्ता कशाला? खाली उभं राहून वर बघ. आणि त्याला पिसायला का नाही लावलंस? मयेकरचा प्रश्न सहीचा नसणार. सही केल्यावर शिव्या कोण खाणार, हा असणार."

पुढं मयेकरांनी मला लिफ्टमध्ये खाजगीत सांगितलं की हाच होता.

वापीचं मात्र लोंबकळत होतं. मी घरी चोरून पत्ते काढायचो. सकाळी 'जा' यायचं, संध्याकाळी 'नको', आणि रविवारी येडा. मालकांनी दिवाळीच्या आत सांगा म्हटलं. हे ऐकल्यावर हेमाताईंनी एका शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच कॅट माझ्या हातात ठेवला.

"बोल."

"इथं? यांच्यासमोर?"

"मी ट्रंक कॉल ऐकायचे तेव्हा कुणाचं बोलणं अडलं? बोल."

मी पिसायला लागलो. "वापीला जाऊ का? वापीला जाऊ का?" कीर्तिदा बिस्किट चहात बुडवत होती. "वापीला जाऊ का नको? वापीला गेलो तर अण्णांचं काय होईल?" अण्णा म्हणजे माझे वडील. हा प्रश्न चांगला वाटला, म्हणून मी त्यावर जरा रेंगाळलो. ताईंनी हात पुढे केला नाही. "अण्णांना माधवीवर टाकून जाऊ का? माधवीला सांगू का? माधवीला सांगितलं आणि ती नको म्हणाली तर? माधवीला सांगितलं आणि..." पत्ते पिसणारे हात आपोआप थांबले. "आणि माधवी लगेच जा म्हणाली तर?"

कीर्तिदाचं बिस्किट चहात पडलं.

हेमाताईंनी कॅट काढून घेतला, चौकोनी केला आणि डब्यात ठेवला. हसल्या नाहीत. "हां. आता घरी जा."

"पत्ते?"

"पत्त्यांना काय माहीत ती काय म्हणेल? ती घरात आहे ना? मग ऊठ."

घरी माधवी भेंडी चिरत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर न करता म्हटलं, "जा."

मी स्टुलावर बसलो. ज्याची भीती होती ते इतक्या चटकन होईल असं वाटलं नव्हतं.

"तोंड पाडायला काय झालं?" ती म्हणाली. "शनिवारी येशील ना?"

"येईन."

"मग जा की. पण एवढे दिवस मला का नाही बोललास, ते सांग आधी."

मी तेही सांगितलं. तिनं विळी बाजूला सारली आणि मनापासून हसली. "अरे, तू घरात असतोस तेव्हाही मीच ठरवते. तू वापीला असशील तेव्हाही मीच ठरवणार. फक्त तुला विचारायचं नाटक फोनवर करावं लागेल." मग डोळे पुसून म्हणाली, "अण्णांना तू सांग. ते मी नाही सांगणार."

मी वापीला गेलो. तिथं खोके बनतात, विकले जातात, दुपारी फार उकडतं. याहून सांगण्यासारखं काही नाही. शनिवारी सकाळी निघून मी आधी बोरिवलीला उतरायचो, वर्ग करायचो आणि मग मालाडला घरी. माधवीची याला हरकत नव्हती. "तिकडून येतोस तेव्हा तुझं डोकं जरा ठिकाणावर असतं," असं तिचं म्हणणं.

त्या हिवाळ्यात पायऱ्या चढताना दम खायला म्हणून ताई जिन्यात खुर्ची ठेवायला लागल्या. दोन मजल्यांच्या मधे, भिंतीला टेकून. शेजारी त्यांना वॉचमन म्हणायला लागले. डॉक्टरला त्या अजून "सांगते" म्हणत होत्या. कीर्तिदा तोवर चांगली तयार झाली होती. तिच्या दुकानात बायका साड्या कमी घेत आणि पत्ते जास्त विचारत. ताईंचे पत्ते तीच मांडणार हे आम्ही गृहीत धरलं होतं. तिनं त्यासाठी एक नवं रेशमी कापडसुद्धा आणून ठेवलं होतं.

एका शनिवारी ताई म्हणाल्या, "आज माझे."

कीर्तिदा पर्समधून कापड काढून समोरच्या खुर्चीवर बसायला उठली.

"तू नाही. जोगळेकर बसेल."

मला वाटलं गंमत आहे. "ताई, मी मयेकरांची बी विंग पाडली."

"माहितेय."

"अहो, मी अजून पापलेट आणि..."

"कीर्तिदा माझ्याशी गोड बोलेल. सुजाता माझी समजूत काढेल. दोघी चांगल्या आहेत, त्यांचं चुकत नाही. पण मला आज ते नकोय. तुला दोन्ही येत नाही. बस."

बसलो. याच्याइतकी वाईट स्तुती माझी आजवर कुणी केलेली नाही आणि याच्याइतकी खरीही. मी कॅट त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "पिसत राहा. प्रश्न बोलत राहा. मी थांब म्हणेपर्यंत."

ताईंनी पिसायला सुरुवात केली. बोटं जाड झालेली, पण सफाई तीच.

"ऑपरेशन करू का?"

मी थांबलो. "ऑपरेशन करू का?" मला वाटत होतं, आता बदलेल. 'मढला भावाकडं जाऊन राहू का' येईल, 'माझ्यामागं कोण आहे' येईल, भीतीचं काहीतरी येईल. "ऑपरेशन करू का?" ऑपरेटरच्या आवाजात, ना वर ना खाली. खाली कुणीतरी जुनी भांडी-कपडे ओरडत गेला. कीर्तिदानं चहाचे कप उचलले आणि पुन्हा ठेवले. "ऑपरेशन करू का?" मध्ये त्या दम घ्यायला थांबायच्या आणि पुन्हा तेच. प्रश्न बदलला नाही तर काय करायचं, हे आम्हाला शिकवलंच नव्हतं.

शेवटी त्यांनीच हात थांबवले.

"बदलत नाही रे," त्या म्हणाल्या. त्यांनाच नवल वाटत होतं. "एवढी वर्षं लोकांचे प्रश्न सोलत बसले. माझा बिनसालीचा निघाला." कॅट टेबलावर ठेवला. "आता मांडावाच लागेल पत्ता. काढ."

मी वरचा पत्ता उलटला. मासेवाला.

कुणी हसलं नाही. आजच्या दिवशी हा कशाला, असं मला झालं. मनोरा आला असता तर निदान काही बोलता आलं असतं.

"काय दिसतं?"

"पोरगा आहे," मी म्हटलं. "हातात कप आहे. कपात मासा आहे."

"पुढं."

"मासा पोराकडं बघतोय. पोरगा माशाकडं बघतोय."

"मग?"

मी खूप शोधलं. पत्त्याच्या कोपऱ्यात, मागच्या पाण्यात, त्या पोराच्या टोपीत. कीर्तिदानं पाठ केलेले अर्थ मलाही आठवत होते. 'शुभ वार्ता' असा एक होता. तो जिभेवर आलाही. ताई माझ्याकडं बघत होत्या.

"मग काही नाही," मी म्हटलं. "दोघांनाही कळत नाहीये आता काय करायचं. ताई, मला माहीत नाही."

मी मान खाली घातली. वाटलं, आता म्हणतील, ऊठ, कीर्तिदाला बसू दे.

"बरोबर वाचलंस," हेमाताई म्हणाल्या. "त्या डॉक्टरलाही माहीत नाही. तो मान्य करत नाही, एवढंच."

त्यांनी पत्ता उचलून डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "या पोराला कुणीतरी सांगायला पाहिजे. मासा एक तर तव्यात, नाहीतर दर्यात. कपात ठेवला की वास मारतो." आणि सुजाताला म्हणाल्या, "फोन दे गं माझा."

आमच्यासमोर त्यांनी डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावला. लागायला वेळ लागला. तेवढ्यात त्या आम्हाला म्हणाल्या, "हे सगळं मी ठरवतेय हां. उद्या काही झालं तर जोगळेकरकडं बघायचं नाही कुणी." मग फोनमध्ये, "हां, वैती बोलतेय. झडपवाली. तारीख द्या."

ऑपरेशनच्या दिवशी मी वापीत होतो. दिवसभरात किती खोक्यांची ऑर्डर चुकवली ते मालकांना अजून माहीत नाही. संध्याकाळी सुजाताचा फोन आला. "शुद्धीवर आल्या. पहिलं काय म्हणाल्या माहितेय? नर्सला विचारलं, जेवायला काय आहे. ती म्हणाली खिमट. तर म्हणाल्या, परत झोपवा मला."

त्यानंतर हेमाताई काही वर्षं जगल्या, आणि चांगल्या जगल्या. जिन्यातली खुर्ची वर आली. शनिवारचा वर्ग सुरू झाला. मासेवाला पत्ता मात्र त्यांनी कॅटमधून काढून फ्रिजवर लोहचुंबकाच्या फुलाखाली लावला होता, आणि आम्ही एक पत्ता कमी असलेल्या कॅटवर शिकत राहिलो. कुणी नव्या माणसानं विचारलं तर ताई सांगायच्या, "तो नोकरीला लागलाय." पत्ते मांडणं त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही. लोकांना पिसायला लावायच्या, ऐकायच्या आणि घरी पाठवायच्या. "दुकान बंद आहे, पण बाकडं आहे," म्हणायच्या.

गेल्या त्या मढला, भावाकडं. नारळी पौर्णिमेला म्हणून गेल्या होत्या. रात्री भरपूर जेवल्या, भाचेसुनेच्या हातचं कालवण कसं तिखट कमी आहे यावर सगळ्यांना ऐकवलं आणि झोपल्या, त्या सकाळी उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, झडप ठणठणीत होती. वय झालं होतं.

बोरिवलीचं घर आवरायला त्यांचे भाऊ जयवंतराव आणि भावजय आले होते. आम्ही तिघं मदतीला गेलो. कीर्तिदानं कॅट मागून घेतला, सुजातानं ते मेणकापड. मी फ्रिज रिकामा करत होतो, म्हणजे खरं तर फ्रिजसमोर उभा होतो. भावजयींनी ते पाहिलं. चुंबकाखालचा पत्ता काढला, हळदीचा डाग पदरानं पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"ह्यो तुमी घेऊन जा. आमच्या घरान मासं कमी हायत का?"

आता तो आमच्या मालाडच्या फ्रिजवर आहे, ज्या फ्रिजमध्ये आजवर अंडंसुद्धा शिरलेलं नाही. आलेगेले विचारतात, की मी त्यांना ताईंचं तवा-दर्याचं वाक्य ऐकवतो; माधवीला ते पाठ झालंय. अण्णा होते तोवर त्यांना तो पोरगा म्हणजे मीच असं वाटायचं, आणि ते मला विचारायचे की मासा कुणी दिला. मी वापीहून कायमचा परत आलो तेव्हा आता पुढं काय करायचं याचा विचार मी नेहमीप्रमाणे दोन-तीन महिने करत बसलो होतो. माधवीनं एकदाही विचारलं नाही. पोळी उलटत होती, ती उलटता उलटता तिनं हातातलं उलथनं एकदा फ्रिजकडं रोखलं आणि पुन्हा तव्याकडं वळली.